वाचकांचे प्रश्न : गोळी एकच, मग आकडे वेगळे का?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची लोकसंख्या साधारण १२ टक्के आहे, पण सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, २०२२ च्या अंदाजानुसार एचआयव्हीच्या नव्या संसर्गांत त्यांचा वाटा ३७ टक्के आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून फक्त गावं देते. दोघातिघांनी मला ‘डॉक्टर’ म्हटलंय. मी डॉक्टर नाही. अटलांटातल्या एका एचआयव्ही दवाखान्याला लागून जे औषधालय आहे, तिथे मी फार्मसिस्ट आहे. डॉक्टरांना रुग्ण वर्षातून दोन-तीनदा भेटतो, माझ्या खिडकीशी मात्र दर महिन्याला येऊन उभा राहतो. मी सांगते ते त्या खिडकीतून दिसलेलं आहे, एवढं धरून वाचा.

प्रश्न : ताई, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. इथे औषधं आहेत, चाचण्या आहेत, माहितीचा तर नुसता पूर आहे. तरीही एका समाजात आजार इतका पसरतो, याचा अर्थ ते लोक बेफिकीर वागतात असा होत नाही का? (एक निवृत्त गृहस्थ, एडिसन)

राग कसला, काका. हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, तुम्ही तो लिहून पाठवलात. आणि नुसत्या मताने उत्तर द्यायची गरजही नाही, कारण हे मोजून झालेलं आहे.

ग्रेगोरिओ मिलेट नावाचे संशोधक आहेत. समलैंगिक पुरुषांवर तोवर झालेले ढीगभर अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र केले. एकदा २००७ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये. कृष्णवर्णीय पुरुष जास्त जोखीम घेतात का, एवढंच त्यांना तपासायचं होतं. उत्तर आलं, नाही. कंडोमशिवाय संबंध, जोडीदारांची संख्या, नशेचे पदार्थ, यांतल्या कशातही ते गोऱ्यांच्या पुढे नव्हते. काही बाबतींत तर गोऱ्यांपेक्षा जास्त जपून होते. फरक सापडला तो दुसरीकडे. विमा नाही, उत्पन्न कमी, संसर्ग असूनही औषधं सुरू नाहीत, आणि रक्तातला विषाणू दाबलेला नाही.

आता हे जरा सावकाश समजून घ्या, कारण खरी गोम इथेच आहे. एखाद्याने नियमित औषध घेतलं आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत सापडेनासा झाला, तर त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. यावर आता वाद उरलेला नाही. सीडीसीनेही २०१७ मध्ये तसं जाहीर केलं. म्हणजे एका माणसाचं औषध दुसऱ्याचं संरक्षण करतं. ज्या वस्तीत बहुतेकांची औषधं सुरू आहेत, तिथे एखाद्या रात्री कुणाचा तोल गेला तरी बहुधा निभावून जातं. ज्या वस्तीत निम्म्यांना औषध मिळत नाही, तिथे तीच एक रात्र महागात पडते. वागणूक दोघांची तीच. आणि माणसं जोडीदार निवडतात ती आपल्याच वस्तीतून, आपल्याच वर्तुळातून. आपल्याकडच्या स्थळांच्या याद्या आठवा, म्हणजे हे फार समजावून सांगायला नको.

सीडीसीने २०१६ मध्ये एक गणित मांडलं होतं. परिस्थिती आहे तशीच राहिली, तर कृष्णवर्णीय समलैंगिक पुरुषांपैकी दर दोघांत एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, असेल तर चौघांत एक, गोरा असेल तर अकरांत एक. ते वाचलेला एक विशीतला मुलगा माझ्या खिडकीशी आला होता आणि त्याने मला एकच विचारलं, “मग मी काळजी घेऊन काय उपयोग?” बेफिकिरी म्हणतात ती कधीकधी अशीही तयार होते, काका. आकडा छापणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्याला तुम्ही आधीच अर्धा हरलेला ठरवलंत, तो धावेल कशाला?

बायकांचंही सांगते, कारण पत्र लिहिणाऱ्यांपैकी एकानेही त्यांच्याबद्दल विचारलेलं नाही. अमेरिकेत एचआयव्हीचं नवं निदान होणाऱ्या स्त्रियांत सुमारे निम्म्या कृष्णवर्णीय असतात. बहुतेकींना तो होतो नवऱ्याकडून किंवा कायमच्या मित्राकडून. त्या ‘एकनिष्ठ’ असतात. डॉ. अडाओरा अडिमोरा यांनी नॉर्थ कॅरोलायनात वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की एखाद्या वस्तीतले तरुण पुरुष मोठ्या संख्येने तुरुंगात गेले की मागे राहिलेल्यांतली नातीच विस्कटतात. पुरुष कमी, बायका जास्त. मग जोडीदाराकडे चाचणीचा आग्रह धरायला बाईला तोंड उरत नाही. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांचे निर्णय असे माझ्या खिडकीशी येऊन पोचतात.

प्रश्न : यामागे काही जनुकीय कारण आहे का? (वैद्यकीय विद्यार्थी, शिकागो)

तुम्ही सीसीआर-५ वाचून आला असणार. उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण एक टक्का लोकांत त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतात, आणि विषाणूच्या नेहमीच्या प्रकाराला त्यांच्या पेशीत शिरायला दार सापडत नाही. खरं आहे, आणि विज्ञान म्हणून फार सुंदर आहे. पण एक टक्क्याच्या गोष्टीने एवढी मोठी दरी समजावता येत नाही. शिवाय एकाच वंशाच्या लोकांत राज्य बदललं की आकडे बदलतात, विमा असला-नसला की बदलतात. जनुकं राज्याची सीमा पाहून बदलत नाहीत. पुढचा प्रश्न.

प्रश्न : लागण होऊच नये म्हणून ‘प्रेप’ची गोळी आहे ना? मग ती सरसकट वाटून टाकली की झालं! (गृहिणी, ऑस्टिन)

सरसकट वाटतं कोण, तिथेच गाडी अडते. पहिली गोळी, त्रुवाडा, अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये मान्य केली. नियमित घेतली तर लैंगिक संबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते. आता २०२२ सालचे सीडीसीचे आकडे ऐका. ज्यांना प्रेपचा उपयोग होईल अशा गोऱ्यांच्या अंदाजे संख्येच्या तुलनेत ९४ टक्के इतक्या गोऱ्यांना ती लिहून दिली गेली होती. लॅटिनोंमध्ये हे प्रमाण २४ टक्के. कृष्णवर्णीयांमध्ये १३.

गरज जिथे सगळ्यात जास्त तिथे सगळ्यात कमी. म्हणजे ही गोळी आल्यावर दरी बुजायच्या ऐवजी एका बाजूने आणखी रुंदावली. नवं औषध आलं की ते आधी त्याच्याकडे जातं ज्याच्याकडे विमा आहे, ठरलेला डॉक्टर आहे, कामावरून दोन तास सुटता येतं आणि ज्याच्या मित्रांच्या गप्पांत त्या औषधाचं नाव येतं. नव्या औषधाच्या बातमीने मला म्हणूनच आनंद होतो आणि लगेच धास्तीही वाटते.

पैशांचं म्हणाल तर २०१९ च्या सुमारास त्रुवाडाची छापील किंमत महिन्याला जवळजवळ १८०० डॉलर होती. जेनेरिक आल्यावर ती ३० डॉलरच्या आसपास उतरली. विमा कंपन्यांनी ती फुकट द्यायची असा नियम आहे, कारण २०१९ मध्ये प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ समितीने तिला ‘अ’ श्रेणी दिली. त्यासोबतच्या रक्तचाचण्या आणि डॉक्टरांची भेटही फुकट हवी, हे २०२१ मध्ये स्पष्ट करावं लागलं. त्याआधी गोळी फुकट आणि तपासणीचं बिल काही शे डॉलर, असा प्रकार चालायचा, आणि ते बिल हातात पडलं की माणूस परत फिरकायचा नाही. टेक्सासमधल्या एका कंपनीने हा नियमच नको म्हणून खटला भरला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०२५ मध्ये नियम टिकला.

पण नियम टिकला तो विमा असलेल्यांसाठी.

आता डॉक्टरांकडे वळू. २०१४ मध्ये एक अभ्यास छापून आला. वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रेप मागणाऱ्या एका काल्पनिक रुग्णाची माहिती दिली होती. सगळं तेच, फक्त काहींच्या कागदावर रुग्ण गोरा आणि काहींच्या कागदावर कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय रुग्ण गोळी मिळाल्यावर जास्त बेताल वागेल असा अंदाज जास्त विद्यार्थ्यांनी केला, आणि तसा अंदाज करणारे गोळी लिहून द्यायलाही कचरत होते. हे काही दुष्ट लोक नव्हते. परीक्षेचा अभ्यास करणारी, चांगली मुलं. सीडीसीने डिसेंबर २०२१ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या प्रत्येक प्रौढाला प्रेपची माहिती द्या, आणि जो मागेल त्याला द्या. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही हे डॉक्टरच्या अंदाजावर सोडलं की अंदाज नेहमीच्याच वाटेने जातो.

बायकांची कथा इथेही वेगळी. २०१९ मध्ये आलेली दुसरी गोळी, डेस्कोव्ही, योनीमार्गे होणाऱ्या संबंधांसाठी मान्यच झाली नाही, कारण ज्या चाचणीवर मान्यता मिळाली तिच्यात बायकांना घेतलंच नव्हतं. जाहिरातीतही बहुतेक पुरुषच. खिडकीशी बाईने प्रेप मागितली तर मागचा माणूस तिच्याकडे वळून बघतो, हे मी पाहिलेलं आहे.

इंजेक्शनाबद्दलही तुम्ही पुढे विचारलंय. दर दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्राव्हिर डिसेंबर २०२१ मध्ये आलं. वर्षातून दोनदाच घ्यायचं लेनाकॅपाव्हिर जून २०२५ मध्ये मान्य झालं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून जास्त तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही! गोळीची बाटली आईच्या किंवा खोलीतल्या सोबतिणीच्या हाती लागेल ही भीती ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे वरदान आहे. माझ्याकडे कितीतरी जण बाटलीवरचं लेबल खिडकीशीच नखाने खरवडून टाकतात. मी आता त्यांना साधी पिशवी आणि कोरी डबी आधीच पुढे करते. पण लेनाकॅपाव्हिरची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर आहे. आधी कुणाला मिळेल, ओळखा.

प्रश्न : टस्कीगीचं प्रकरण वाचून अंगावर काटा आला. पण त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. अजून तेच धरून बसायचं का? (आयटीतला वाचक, सिॲटल)

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टस्कीगी हे गाव अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे. तिथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर ‘अभ्यास’ केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन आलं, सगळीकडे वापरात आलं, पण या माणसांना ते दिलं नाही. आजार पुढे कसा जातो ते बघत बसले. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी वाचा फोडली तेव्हा ते थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

आता माझं मत, आणि ते काही सहकाऱ्यांना आवडत नाही. टस्कीगीचं नाव आमच्या क्षेत्रात फार सोयीने घेतलं जातं. रुग्ण आला नाही की ‘त्यांचा विश्वास नाही हो, टस्कीगीमुळे’ असं म्हणून मोकळं होता येतं. दोष १९३२ वर ढकलला की आजची अपॉइंटमेंट सहा आठवड्यांनंतरची का दिली याचं उत्तर द्यावं लागत नाही. माझ्या खिडकीशी येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना टस्कीगी कुठे आहे हेही माहीत नसतं. त्यांना माहीत असतं की मागच्या वेळी तातडीच्या कक्षात त्यांच्या दुखण्याला कुणी ‘औषधासाठी नाटक’ म्हटलं. स्वागतकक्षातल्या बाईने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, “एचआयव्हीसाठी आलात का?” अविश्वासाला इतकं पुरतं.

आणि इतिहासच हवा असेल तर एचआयव्हीचा स्वतःचा पुरेसा आहे. जून १९८१ च्या सीडीसीच्या पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या ज्या पाच रुग्णांची पहिली नोंद छापली गेली, ते पाचही गोरे होते. हा गोऱ्या समलैंगिकांचा आजार, अशी जी समजूत तेव्हा रुजली ती कृष्णवर्णीय वस्त्यांत, चर्चमध्ये आणि वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं टिकली; तोवर विषाणू आत पसरत राहिला. त्याच्या उलट हैतीहून आलेल्यांचं झालं. १९८३ मध्ये त्यांच्या अख्ख्या देशालाच जोखमीच्या यादीत घातलं. माणसांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांना शाळेत चिडवलं गेलं. १९८५ मध्ये नाव काढलं, पण १९९० मध्ये त्यांच्या रक्तदानावर पुन्हा बंदी आली. तेव्हा हजारो हैतियन लोक ब्रुकलिन पुलावरून चालत मॅनहॅटनमध्ये गेले आणि वर्ष संपायच्या आत बंदी मागे घ्यावी लागली. म्हणजे एकांना सांगितलंच नाही, आणि दुसऱ्यांना बोट दाखवून सांगितलं. तुम्हीच सांगा, या दोघांनी कुणावर विश्वास ठेवायचा होता?

प्रश्न : आम्ही अल्फारेटाला राहतो. इथे असं काही जाणवतच नाही. एचआयव्ही जास्त असलेल्या शहरांत अटलांटाचं नाव इतकं वर का? (दोघे पती-पत्नी, जॉर्जिया)

जाणवणार नाही, कारण शहराची आखणीच तशी आहे. देशातल्या नव्या संसर्गांपैकी जवळपास निम्मे दक्षिणेकडच्या राज्यांत होतात. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एचआयव्हीची साथ संपवायची मोहीम जाहीर केली तेव्हा सगळ्या देशातून ४८ काउंटी निवडल्या. त्यांतल्या चार आपल्या शेजारच्या: फुल्टन, डिकॅल्ब, कॉब आणि ग्विनेट. तुमचं अल्फारेटा फुल्टनमध्येच येतं, बरं का.

आता मार्टाचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, नकाशा काढून बघा. कॉब आणि ग्विनेटमध्ये तिचे रूळ जात नाहीत. १९७१ मध्ये ग्विनेटच्या मतदारांनी ती नाकारली, आणि शहरातले कृष्णवर्णीय आपल्याकडे येतील ही भीती त्यामागे होती, हे त्या काळात उघड बोललं जायचं. २०१९ मध्येही मतदान झालं, पुन्हा नकारच. म्हणजे मोहिमेच्या चार काउंटींपैकी दोन अशा, जिथून गाडी नसलेल्या माणसाला शहरातल्या दवाखान्यात यायचं तर बस बदलत बदलत अर्धा दिवस घालवावा लागतो. तासावर पगार घेणाऱ्याला तो अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. माझ्याकडचे ‘औषध नीट न घेणारे’ रुग्ण बऱ्याचदा हे असतात. फाइलमध्ये तसा शेरा असतो. बसचा उल्लेख नसतो.

वर मेडिकेड. गरिबांसाठीचा हा सरकारी विमा वाढवायची सोय ओबामांच्या कायद्यात होती, पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांच्या मर्जीवर सोडली. दहा राज्यांनी अजून पूर्ण विस्तार केलेला नाही. त्यांत टेक्सास, फ्लोरिडा, मिसिसिपी, अलाबामा, दोघी कॅरोलायनांपैकी दक्षिणेकडची, आणि आपलं जॉर्जिया. इथे एकटा, मूलबाळ नसलेला, धडधाकट माणूस कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड मिळत नसे. जुलै २०२३ पासून मिळतं, पण महिन्याला ८० तास काम केल्याचे कागद दाखवले तर. हे कागद जमवण्यात मी रुग्णांना मदत करते, म्हणून सांगते: ज्याची नोकरी पक्की आहे त्याला हे सोपं, आणि त्याला बहुधा या विम्याची गरज नसते.

माझा रोजचा दिवस कसा जातो सांगू? अर्धा दिवस फोन कानाला लावून. विमा कंपनीला आधी मंजुरी हवी असते. त्यांचं संगीत वाजत राहतं, समोर माणूस उभा असतो, त्याची दुपारची सुट्टी संपत आलेली असते. तो “उद्या येतो” म्हणतो. त्या उद्यावर आमचे सगळे आकडे अवलंबून आहेत.

प्रश्न : सगळं निराशाजनकच लिहू नका. कशाने काही फरक पडला का? (मराठी शाळेतल्या शिक्षिका, बे एरिया)

पडला की! आणि तो बघितला म्हणूनच मी या नोकरीत टिकून आहे.

रायन व्हाइट हा इंडियानातला हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेला, मुलगा. त्याला उपचारासाठी दिलेल्या रक्तघटकांतून एचआयव्ही झाला आणि शाळेने वर्गात घ्यायला नकार दिला. तो एप्रिल १९९० मध्ये गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला. ज्यांच्याकडे विमा नाही किंवा अपुरा आहे अशांचे उपचार त्यातून होतात. आज देशातल्या निदान झालेल्या एचआयव्ही रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त या योजनेत आहेत, आणि त्यांच्यात गरीब आणि कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने. म्हणजे ज्यांचे आकडे सगळ्यात वाईट असायला हवेत तेच लोक. २०१० मध्ये योजनेतल्या साधारण ७० टक्के रुग्णांचा विषाणू दाबलेला होता. २०२२ मध्ये सुमारे ९० टक्के. त्यात कृष्णवर्णीयांचा आकडाही ८० च्या बराच वर, गोऱ्यांच्या थोडाच खाली. देशभरातल्या सगळ्या निदान झालेल्यांची सरासरी मात्र ६५ च्या आसपास घुटमळते.

याचा अर्थ नीट बघा. माणसं तीच, वस्त्या त्याच, चर्च तेच. योजना मात्र औषधाबरोबर बसचा पास देते, केस मॅनेजर देते, दातांचा डॉक्टर देते, काही ठिकाणी घरभाड्याला आणि जेवणालाही हातभार लावते. एडिसनच्या काकांचा प्रश्न मला इथे निकालात निघालेला वाटतो.

सॅन फ्रान्सिस्को तुमच्या जवळ आहे म्हणून वॉर्ड ८६ बद्दल सांगते. १९८३ मध्ये सुरू झालेला हा तिथल्या सरकारी रुग्णालयातला एड्सचा बाह्यरुग्ण विभाग. निदान झालं त्याच दिवशी औषध हातात द्यायची पद्धत त्यांनी बसवली. पूर्वी निदान, मग सल्ला, मग तपासण्या, मग डॉक्टर, यात कित्येक आठवडे जायचे आणि मधल्या मध्ये माणूस गळायचा. आमच्याकडेही आता शक्य तेव्हा त्याच दिवशी पहिली बाटली देतो. पहिली गोळी माझ्यासमोर पाणी देऊन घ्यायला लावते. डॉक्टरांना वाटतं मी उगाच आईपणा करते. करते मी.

वॉशिंग्टन शहराचंही उदाहरण आहे. नशेसाठी सुई वापरणाऱ्यांना स्वच्छ सुया देण्यासाठी शहराने स्वतःचा पैसादेखील खर्च करायचा नाही, अशी बंदी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९९८ ते २००७ घातली होती. बंदी उठली, सुया मिळू लागल्या. पहिल्या दोन वर्षांतच सुमारे १२० संसर्ग टळले असा संशोधकांचा अंदाज आहे. त्या शहरात सुईमुळे एचआयव्ही होणाऱ्यांत बहुसंख्य कोण होते, वेगळं सांगायला नको.

आणि माणसं. अटलांटात १९८९ पासून ‘सिस्टरलव्ह’ ही संस्था आहे. डेझॉन डिक्सन डिआलो यांनी ती कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी सुरू केली, तेव्हा दक्षिणेत बायकांच्या एचआयव्हीबद्दल कुणी बोलतही नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पर्नेसा सील यांनी चर्च, मशिदी, सगळ्यांना एड्ससाठी प्रार्थनेच्या आठवड्यात एकत्र आणलं. चर्चमध्ये पाद्रीने व्यासपीठावर सगळ्यांसमोर चाचणी करून घेतली, तर त्याची सर आमच्या शंभर पत्रकांना येत नाही. पत्रकांवर माझा विशेष राग आहे. हसऱ्या कृष्णवर्णीय चेहऱ्यांची गुळगुळीत पत्रकं छापायला पैसे असतात. दवाखाना संध्याकाळी सातपर्यंत उघडा ठेवायला नसतात. आमच्याकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी उशिरापर्यंत खिडकी उघडी ठेवायला लागल्यावर न येणारे काही चेहरे आपोआप यायला लागले. त्यासाठी कुणाला त्यांची ‘मानसिकता’ बदलावी लागली नाही. जे स्वतः या आजारासोबत जगतात त्यांनाच पगार देऊन आम्ही नव्या रुग्णांच्या सोबतीला ठेवतो. माझा फोन न उचलणारा मुलगा त्यांच्या मेसेजला दोन मिनिटांत उत्तर देतो.

तुम्ही निराशा नको म्हणालात तरी हे सांगायला हवं: एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागात मोठी नोकरकपात झाली. वर दिलेले बरेच आकडे मोजणारं हेच खातं.

प्रश्न : मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मला चाचणी करून घ्यायची आहे. पॉझिटिव्ह आलो तर ग्रीन कार्डावर परिणाम होईल का? कृपया गाव छापू नका.

नाही होणार. १९८७ पासून एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत येण्यावर बंदी होती. ती ४ जानेवारी २०१० पासून उठली. आता ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी करत नाहीत, आणि एचआयव्ही आहे म्हणून अर्ज नाकारता येत नाही. जुन्या नियमाची धास्ती आपल्या लोकांत अजून आहे, आणि त्यापायी माणसं वर्षानुवर्षं चाचणी टाळतात. नोकरी जाऊन विमा गेला तरी रायन व्हाइटच्या सेवांना इमिग्रेशनची स्थिती आड येत नाही. उत्पन्नाची अट मात्र राज्यागणिक वेगळी असते.

कंपनीच्या विम्यातून चाचणी केल्यास बिलाचा तपशील घरच्या पत्त्यावर येऊ शकतो. तो कुणी उघडेल अशी भीती असेल तर काउंटीच्या आरोग्य केंद्रात जा, किंवा औषधाच्या दुकानातून घरी करायची चाचणी आणा. घरच्या चाचणीला अगदी अलीकडचा संसर्ग कळत नाही, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. आणि तुम्हाला काळजी वाटते तो प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आत्ताच तातडीच्या कक्षात जाऊन ‘पेप’, म्हणजे प्रसंग घडून गेल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या, मागा. तिथे कुणी टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा. गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. बाटलीचं लेबल काढून मागितलंत तर माझ्यासारखं कुणीतरी खिडकीत असेलच.